डिझेल गाडीत टर्बोचा दाब कमी पडतो तेव्हा: दोष शोधण्याची रीत

चढ सुरू झाला, पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबला आणि तरी गाडी ओढेना, मागून काळा धूर निघू लागला किंवा डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, अशी तक्रार घेऊन डिझेल गाडी गॅरेजमध्ये गेली की बहुतेक ठिकाणी पहिले उत्तर ‘टर्बो गेला’ हेच मिळते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र, खरोखर निकामी झालेला असू शकतो. पण हवा फिल्टरमधून आत शिरल्यापासून धूर सायलेन्सरमधून बाहेर पडेपर्यंतच्या वाटेवर दाब गळण्याची किंवा अडण्याची अनेक ठिकाणे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची दुरुस्ती टर्बोच्या किमतीच्या एका लहानशा अंशात होते. म्हणून टर्बोला हात लावण्यापूर्वी ती सारी ठिकाणे ठरावीक क्रमाने तपासणे आवश्यक आहे आणि तो क्रमच येथे मांडला आहे.

हे लिहिण्यामागे स्वतःचा अनुभव आहे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढता चढता माझ्या गाडीचा दम अचानक तुटला; तिसऱ्या गिअरमध्येही आरपीएमचा काटा ३,००० च्या वर जाईना आणि मागच्या ट्रकला वाट देत, कडेकडेने कसाबसा घाट पार करावा लागला. ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तेथे बॉनेट जेमतेम उघडून टर्बो बदलण्याचा, पन्नास हजारांच्या वरचा अंदाज हाती देण्यात आला. मी दोन दिवसांची मुदत मागून गाडी घरी आणली. इंजिन नुसते चालू ठेवून कान लावला तेव्हा बॅटरीच्या मागून अगदी बारीक ‘स्स्स’ ऐकू आले. तेथे करंगळीहून बारीक असा एक काळा रबरी पाइप होता, त्याच्या एका बाजूचा चार बोटांचा भाग कुरतडलेला होता आणि कडेवर उंदराच्या दातांचे बारीक, समांतर ओरखडे स्पष्ट दिसत होते. दीड हात व्हॅक्यूम पाइप (हवेची ओढ पोचवणारा) आणून बसवला आणि गाडी पूर्वीसारखी ओढू लागली. तो पाइप नेमका काय करतो हे माहीत असते, तर घाटातच दोष सापडला असता.

आधी टर्बोचा प्रकार ओळखावा

इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर टर्बोच्या टर्बाइन चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकावरचे कंप्रेसर चक्र बाहेरची हवा ओढून दाबते आणि ती हवा इंटरकूलरमधून थंड होऊन इंजिनात जाते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि त्याला बहुधा छऱ्यांच्या बेअरिंगचा नव्हे, तर तेलाच्या पातळ थराचा आधार असतो. येथपर्यंत सर्व टर्बो सारखेच आहेत. दाब नियंत्रित करण्याची पद्धत मात्र दोन प्रकारची असते, आणि कोणती तपासणी करायची हे त्यावर अवलंबून असते.

भारतात फार मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या, मूळ फियाटच्या १,२४८ घनसेंमी डिझेल इंजिनाचे उदाहरण घेता येईल. हेच इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्ती आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, तर ब्रेझामध्ये ९० अश्वशक्ती आणि २०० न्यूटन-मीटर. पहिल्यात स्थिर रचनेचा टर्बो आहे: दाब पुरेसा झाला की वेस्टगेट नावाची झडप उघडते आणि जास्तीचा धूर टर्बाइनला वळसा घालून निघून जातो. दुसऱ्यात बदलत्या रचनेचा टर्बो, म्हणजे व्हीजीटी आहे: त्यात टर्बाइनभोवती पात्यांचे एक कडे असते, ती पाती मिटत आली की धूर अरुंद वाटेने जोराने चक्रावर आदळतो आणि कमी आरपीएमवरही दाब मिळतो.

साध्या वेस्टगेटच्या ॲक्च्युएटरमधील (झडप हलवणाऱ्या डब्यातील) स्प्रिंग झडप बंद धरून ठेवते आणि टर्बोचाच दाब लहान पाइपमधून येऊन ती उघडतो. त्यामुळे तो लहान पाइप फाटला तर वेस्टगेट उघडतच नाही, दाब प्रमाणाबाहेर वाढतो आणि इंजिन नियंत्रित करणारा गाडीतला संगणक त्याचा जोर कमी करून टाकतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत याच्या नेमके उलटे घडते: व्हॅक्यूम मिळाला तरच पाती मिटतात, आणि तो पाइप फाटला तर पाती उघडीच राहून दाब तयारच होत नाही. बाहेरून सारखाच दिसणारा पाइप फाटला, तरी परिणाम असा परस्परविरुद्ध असतो. नव्या गाड्यांपैकी पुष्कळ गाड्यांत या कामासाठी विद्युत मोटरचा ॲक्च्युएटर असतो, तेथे व्हॅक्यूमचा संबंध येत नाही. वायर, प्लग आणि मोटरची हालचाल पाहावी लागते. म्हणून बॉनेट उघडल्यावर प्रथम टर्बोजवळच्या ॲक्च्युएटरच्या डब्याकडे पाहावे: त्याला रबरी पाइप जोडला आहे की वायरचा प्लग, आणि पाइप असल्यास इंजिन बंद असताना डब्यातून निघणारी दांडी कोणत्या टोकाला आहे, याची नोंद करून ठेवावी.

धूर आणि आवाज काय सांगतात

गाडी ओढत नाही आणि जोर दिल्यावर मागून दाट काळा धूर येतो, याचा अर्थ डिझेल मिळते आहे पण त्याच्या मानाने हवा कमी पडते आहे. हवेच्या वाटेवरची गळती, तुंबलेला फिल्टर, उघडी अडकलेली ईजीआर झडप (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी) किंवा काम न करणारा टर्बो यांपैकी काहीतरी असते. गाडी ओढत नाही, पण धूरही येत नाही, असे असेल तर दोन शक्यता राहतात: डिझेलच कमी मिळते आहे, किंवा संगणकाने स्वतःहून डिझेल कमी केले आहे. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास असेल, तर इंजिन ऑइल कोठून तरी आत येते आहे, आणि त्या वेळी टर्बोच्या सीलचा संशय घेणे रास्त ठरते. मात्र नव्या गाड्यांत धुराच्या वाटेवर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, असल्याने काळा धूर तेथेच अडतो. अशा गाडीत धूर दिसत नाही म्हणून हवेचा दोष नाही असे मानू नये.

आवाजाचेही तसेच आहे. जोर देताच ‘हुश्श’ असा मोठा आवाज येऊन पिकअप गायब होत असेल, तर इंटरकूलरचा होजपाइप फाटलेला किंवा क्लिपमधून निसटलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे. सायरनसारखा चढत जाणारा तीव्र आवाज कंप्रेसरचे चक्र घासत असल्याचे सुचवतो. गार इंजिन चालू केल्यावर टर्बोच्या अलीकडे ‘छुक् छुक्’ ऐकू येत असेल आणि धुराच्या मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांतला धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांच्या) सांध्यावर काजळीचे काळे पट्टे असतील, तर टर्बाइनला मिळायचा धूर आधीच बाहेर पडतो आहे. हा दोष बाहेरच्या वाटेवरचा असल्यामुळे हवेचे पाइप तपासणाऱ्यांच्या नजरेतून तो सुटतो.

आकड्यांशिवाय पुढे जाऊ नये

स्टीअरिंगखालच्या ओबीडी (गाडीने नोंदवलेले दोष वाचण्याच्या) सॉकेटमध्ये बसणारे साधे ब्लूटूथ उपकरण आणि मोबाइलवरचे एखादे ॲप एवढ्यावर पुष्कळ काम होते. कंपनीनिहाय माहिती वाचणारा स्कॅनर मिळाला तर अधिक चांगले. प्रथम साठवलेले कोड वाचून लिहून घ्यावेत आणि ते लगेच पुसू नयेत, कारण कोडबरोबर त्या क्षणाचे आरपीएम, वेग आणि तापमानही साठवलेले असते.

पी०२९९ हा कोड दाब कमी पडल्याचा, पी०२३४ हा दाब जास्त झाल्याचा, पी०२३६ हा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या संशयास्पद वाचनाचा आणि पी००४५ हा दाब-नियंत्रक सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपेच्या) विद्युत मंडलाचा आहे. यांतील पी०२३४ कडे विशेष लक्ष द्यावे. गाडीने दम सोडल्याची तक्रार असताना दाब जास्त झाल्याचा कोड दिसतो, हे पुष्कळांना विपरीत वाटते. पण काजळीने व्हीजीटीची पाती मिटलेल्या स्थितीत अडकली की आरपीएम वाढताना दाब मर्यादेबाहेर जातो, संगणक इंजिन वाचवण्यासाठी लिंप मोडमध्ये (जोर मर्यादित ठेवणाऱ्या बचावाच्या स्थितीत) जातो आणि चालकाला फक्त नंतरचा अशक्तपणा जाणवतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केल्यावर काही काळ नीट चालत असेल, तर हा संशय पक्का होतो. अशा टर्बोची दाब निर्माण करण्याची क्षमता शाबूत असते आणि पात्यांची सफाई झाली की तो पुन्हा उपयोगी पडू शकतो.

कोडनंतर दाबाचे वाचन घ्यावे. हवेच्या मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांमधील) मॅप सेन्सर निरपेक्ष दाब सांगतो, म्हणजे त्यात वातावरणाचा दाब धरलेला असतो. चावी चालू पण इंजिन बंद, अशा स्थितीत त्याचे वाचन बाहेरच्या हवेच्या दाबाइतकेच आले पाहिजे. मुंबईत समुद्रसपाटीवर ते सुमारे १०१ किलोपास्कल येते, पुण्यात सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर ९५ च्या आसपास, तर महाबळेश्वरला ८६-८७ पर्यंत उतरते. येथे एक चूक हमखास होते: हवामानाच्या ॲपवर पुण्याचाही दाब १,०१० मिलिबारच्या जवळपास दिसतो, कारण तो समुद्रसपाटीवर आणून दाखवलेला असतो. तुलना त्या आकड्याशी न करता गाडीच्या स्वतःच्या वातावरणीय दाबाच्या वाचनाशी किंवा मोबाइलमधील वायुभारमापकाच्या मूळ वाचनाशी करावी. पुण्यात उभ्या असलेल्या गाडीचा मॅप सेन्सर इंजिन बंद असताना ७८ किंवा ११५ दाखवत असेल, तर बाकी सर्व सोडून आधी तो सेन्सर काढून पाहावा. त्याच्या तोंडावर तेल आणि काजळी यांचा डांबरासारखा थर साचलेला असतो. तो सेन्सरसाठीच्या क्लीनरने भिजवून काढावा, तार किंवा पिन आत घालू नये.

आता रस्त्यावरची चाचणी. मोकळा, सरळ, हलक्या चढाचा रस्ता निवडावा. चालकाने केवळ गाडी चालवावी आणि वाचनाची नोंद शेजारी बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीने करावी, याबाबत तडजोड करू नये. इंजिन पूर्ण तापल्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून सुमारे ३,५०० पर्यंत जावे आणि आरपीएम, मॅनिफोल्ड दाब, हवेचे प्रमाण आणि शक्य असल्यास संगणकाने मागितलेला दाब यांची नोंद ठेवावी. लहान डिझेल गाड्यांत पूर्ण जोरावर निरपेक्ष दाब साधारणपणे २०० ते २५० किलोपास्कलच्या दरम्यान जातो. म्हणजे पुण्यात २१० वाचन आले, तर टर्बोने वातावरणावर सुमारे ११५ ची भर घातली. साध्या ओबीडी वाचनात हा आकडा एकाच बाइटमधून येतो, त्यामुळे बहुतेक ॲपमध्ये तो २५५ च्या पुढे जातच नाही. तेथे तो अडकलेला दिसला तर दाब तेवढाच आहे असे समजू नये.

मागितलेला आणि मिळालेला दाब यांची तुलना सर्वांत मोलाची असते. सुरुवातीचा एखादा सेकंद मिळालेला दाब मागे राहणे स्वाभाविक आहे; त्यानंतर दोन्ही आकडे जवळजवळ एकत्र चालले पाहिजेत. २०-३० किलोपास्कलची तूट सर्व आरपीएमवर कायम राहत असेल, तर गळती किंवा उघडी राहिलेली पाती अथवा वेस्टगेट. खालच्या आरपीएमवर तूट असून वर ती भरून निघत असेल, तर व्हीजीटीची पाती पुरती मिटत नाहीत. खाली सर्व ठीक आणि वर तूट वाढत जात असेल, तर फिल्टर, आत ओढला जाऊन चपटा होणारा हवेचा पाइप किंवा तुंबलेला सायलेन्सर यांकडे वळावे. आणि मिळालेला दाब मागणीइतका असूनही गाडी ओढत नसेल, तर टर्बो निर्दोष आहे असे धरून डिझेलच्या बाजूला जावे.

गळती शोधणे

सर्वाधिक वेळ या कामाला द्यावा, कारण सर्वाधिक दोष येथेच सापडतात. एअर फिल्टरची पेटी उघडून तो पाहावा. उसाच्या हंगामात किंवा खडी टाकलेल्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर ठरलेल्या किलोमीटरच्या पुष्कळ आधी भरतो. त्यानंतर टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचा प्रत्येक होजपाइप हाताने चाचपावा. पाइपच्या आत तेलाचा पातळ थर असणे नेहमीचे आहे, कारण क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातील) तेलकट वाफ त्याच वाटेने परत आत सोडलेली असते. पण एखाद्या सांध्याच्या बाहेर ओले, धूळ चिकटलेले तेल दिसले तर दाबाची हवा तेथूनच फवारते आहे. फट बहुधा पाइपच्या खालच्या बाजूला किंवा वळणाच्या पोटात असते आणि दाब नसताना मिटलेली असते, म्हणून नुसते वरून पाहून ‘पाइप ठीक आहे’ असे म्हणू नये. हात मागे नेऊन बोटांनी वळण उघडून पाहावे.

नजरेला काही सापडले नाही, तर दाबाची चाचणी करावी. इंजिन गार आणि बंद असताना टर्बोच्या हवा-प्रवेशाच्या तोंडाशी घट्ट बसणारे, हवेचा व्हॉल्व्ह असलेले बूच लावावे, क्रँककेसची वाफ परत येणारा पाइप सोडवून त्याचे टर्बोकडचे तोंड बंद करावे आणि रेग्युलेटर लावूनच ०.७ ते १ बारपर्यंत हवा भरावी. वाफेचा पाइप तसाच राहिला, तर हवा क्रँककेसमध्ये शिरून इंजिनाचे सील बाहेर ढकलू शकते. बूच निसटून उडण्याचा धोका असल्याने त्याच्यासमोर उभे राहू नये. मग साबणाचे पाणी प्रत्येक सांध्यावर, इंटरकूलरच्या प्लास्टिकच्या टाकीवर आणि सेन्सरच्या रबरी रिंगवर फवारावे. बुडबुडे उठतील तेथे गळती. एखाद्या सिलिंडरचे हवेचे आणि धुराचे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असले तर थोडी हवा इंजिनातून सायलेन्सरकडे निघून जाते. क्रँक थोडा फिरवून पुन्हा पाहावे, म्हणजे हा भास दूर होतो.

फाटलेल्या होजपाइपला टेप गुंडाळून गाडी घरापर्यंत आणता येते, त्याहून पुढे तो उपाय टिकत नाही. नवा पाइप बसवताना दोन्ही तोंडांवरचे तेल पूर्ण पुसावे आणि क्लिप पाइपच्या उंचवट्याच्या मागे बसली आहे याची खात्री करावी. तेलकट तोंडावर कितीही आवळलेला पाइप पहिल्याच घाटात निसटतो.

व्हॅक्यूम आणि ॲक्च्युएटर

डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये ब्रेकला पुरेल असा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेकसाठी स्वतंत्र पंप असतो, आणि व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीला तोच पंप सोलेनॉइडमार्फत ओढ पुरवतो. त्यामुळे टर्बोबरोबर ब्रेकचे पेडलही जड लागत असेल, तर दोष पंपात किंवा त्याच्या मुख्य पाइपमध्ये शोधावा. पंपाच्या पाइपला व्हॅक्यूम गेज जोडून इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू) ठेवले असता ०.८५ बारच्या वर वाचन मिळावे. पुण्यात एकूण वातावरणच ०.९५ बार असल्याने त्याहून अधिकाची अपेक्षा धरू नये.

पंप चांगला निघाला तर ॲक्च्युएटरचा पाइप काढून तेथे हातपंपाने व्हॅक्यूम द्यावा आणि दांडीकडे टक लावून पाहावे. ओढ वाढवत नेली की दांडी थोडी हलू लागली पाहिजे, पुढे एकसारखी सरकत शेवटपर्यंत गेली पाहिजे आणि ओढ सोडताच त्याच सहजतेने परत आली पाहिजे. एका जागी थबकून मग झटका मारून पुढे जाणारी दांडी हे पात्यांवर काजळी बसल्याचे लक्षण आहे. शहरात कायम कमी आरपीएमवर चालणाऱ्या गाड्यांत हे विशेष आढळते. हातपंपावरचे वाचन एक मिनिट स्थिर राहिले पाहिजे; ते घसरत असेल तर ॲक्च्युएटरचा पडदा फाटला आहे आणि तेवढा डबा बदलून काम भागते. दांडीवरचा बारीक नट फिरवून पिकअप वाढवून देण्याची जी पद्धत काही गॅरेजमध्ये दिसते, तिला मी ठाम विरोध करीन. तो नट कारखान्यात मापून बसवलेला असतो आणि तो हलवला की पुढच्या प्रत्येक वाचनावरचा विश्वास जातो.

ॲक्च्युएटर आणि पाती नीट हलतात, पंपही चांगला आहे, तरी गाडीवर दाब येत नाही, अशा वेळी मधला सोलेनॉइड आणि त्याचे पाइप उरतात. सोलेनॉइडचा बारीक फिल्टर धुळीने बुजलेला असू शकतो आणि मागे कोणी पाइप काढून उलटे जोडलेलेही असू शकतात. पावसाळ्यात उबेसाठी बॉनेटखाली शिरणाऱ्या उंदरांचा उल्लेख वर आलाच आहे. म्हणून प्रत्येक पाइप त्याच्या पूर्ण लांबीभर बोटांतून फिरवून पाहावा, केवळ दिसणारी टोके पाहू नयेत.

ईजीआर, हवेचा सेन्सर आणि सायलेन्सर

पाय पूर्ण दाबलेला असताना ईजीआर झडप पूर्ण बंद असली पाहिजे. ती काजळीमुळे उघडी अडकली, तर टर्बाइनकडे जायचा धूर मॅनिफोल्डमध्ये परत शिरतो, टर्बोचा जोर घटतो आणि ताज्या हवेची जागा धूर व्यापतो. हे हवेच्या प्रमाणावरून ओळखता येते आणि त्यासाठी थोडेसे गणित पुरते. १,२४८ घनसेंमीच्या चार सिलिंडरांपैकी प्रत्येकाचे आकारमान ३१२ घनसेंमी. पुण्यातल्या उन्हाळी हवेचे वजन लिटरला सुमारे १.०९ ग्रॅम, म्हणजे एक सिलिंडर तंतोतंत भरला तर ३४० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात भरणे थोडे अपुरे राहते, म्हणून टर्बोचा दाब नसताना आणि ईजीआर बंद असताना मॅफ सेन्सरने (आत येणारी हवा मोजणाऱ्या) प्रत्येक स्ट्रोकला ३०० मिलिग्रॅमच्या आसपास दाखवावे. ईजीआर बंद ठेवण्याचा हुकूम असूनही आकडा २०० च्या खाली असेल, तर झडप उघडी अडकली आहे किंवा मॅफ सेन्सर कमी वाचतो आहे. झडप काढून साफ केल्यावरही आकडा तसाच राहिला, तर सेन्सरकडे वळावे. ज्या ॲपमध्ये हे प्रमाण सेकंदाला ग्रॅम असे दिसते, तेथे त्या आकड्याला ३०,००० ने गुणून आरपीएमने भागले की चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक स्ट्रोकचे मिलिग्रॅम मिळतात. ईजीआरची वाट पत्रा लावून कायमची बंद करणे हा प्रदूषण-नियमांचा भंग आहे आणि तो उपाय येथे सुचवलेला नाही.

एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक स्कॅनरवर दिसतो. आयडलवर तो काही मिलिबार इतकाच असावा. तो बराच अधिक असेल आणि जोर देताच झपाट्याने चढत असेल, तर धुराला बाहेर पडायला वाट नाही आणि चांगला टर्बोही दाब देऊ शकणार नाही.

डिझेलच्या बाजूची तपासणी थोडक्यात सांगता येते: मागितलेला आणि मिळालेला रेल दाब (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) एकत्र पाहावा, जोर देताच मिळालेला दाब खाली बसत असेल किंवा पी००८७ कोड असेल तर प्रथम डिझेल फिल्टर बदलावा आणि त्यातील पाणी काढून पाहावे.

टर्बो स्वतः

एवढे सर्व निर्दोष ठरल्यावरच टर्बोची पाळी येते. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हवा-प्रवेशाचा पाइप काढून कंप्रेसरचे चक्र बोटाने फिरवावे. ते कोठेही न अडता मोकळे फिरले पाहिजे. दांडा वरखाली किंचित हलतो, कारण तेलाचा थर नसताना तेवढी मोकळीक असायचीच असते, आणि केवळ तेवढ्यावरून टर्बो बाद ठरवणे चूक आहे. पण बाजूला दाबून फिरवल्यावर पाते आतल्या भिंतीला घासत असेल, भिंतीवर ताज्या चकचकीत रेघा असतील, किंवा दांडा मागेपुढे ओढल्यावर बोटाला स्पष्ट खेळ जाणवत असेल, तर बेअरिंग संपले आहे. पात्यांच्या कडा चावल्यासारख्या दिसत असतील तर बाहेरची वस्तू आत गेली आहे, आणि ती कोठून गेली हे शोधल्याशिवाय नवा टर्बो बसवू नये.

टर्बो बहुतेक वेळा तेलामुळे मरतो. ऑइल वेळेवर न बदलणे, भलत्या दर्जाचे ऑइल, काजळीने आतून बारीक झालेला तेलाचा पाइप, त्याच्या बोल्टमधली बुजलेली जाळी किंवा तेल परत जाण्याच्या वाटेतला अडथळा ही मूळ कारणे तशीच ठेवली, तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो. म्हणून तेलाचा पाइप नवाच घालावा, ऑइल आणि फिल्टर बदलावा, आणि पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओतून चक्र हाताने फिरवून घ्यावे.

सील फुटलेल्या टर्बोने इंटरकूलरमध्ये कपभर तेल सोडलेले असू शकते आणि ते काढण्याचे काम वगळले तर फार मोठा धोका संभवतो. डिझेल इंजिन ते तेल इंधन म्हणून जाळू शकते. मग आरपीएम आपोआप चढत जाते आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. निळ्या-पांढऱ्या धुराच्या लोटासह असे घडलेच, तर वेळ न दवडता ब्रेक घट्ट दाबून सर्वांत वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडावे आणि वेगाने फिरणाऱ्या इंजिनावर वाकू नये. खूप धूर, तेलाची पातळी झपाट्याने घटणे आणि सायरनचा आवाज ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर वरची रस्त्यावरची चाचणीही करू नये. गाडी टो करून न्यावी.

काहीही बदलले असो, दोन पैशांचा पाइप किंवा पूर्ण टर्बो, त्यानंतर कोड पुसून त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तितकीच माणसे बसवून चाचणी पुन्हा घ्यावी आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. माझ्या वहीत दुरुस्तीपूर्वी २,५०० आरपीएमवर १२८ किलोपास्कल हा आकडा आहे आणि त्याच्या शेजारी, दीड हात पाइप बसवल्यानंतरचा, २१४.